कोट फिरवला, की किल्ली दिली?

पणजीतल्या एका मराठी दैनिकात भाषांतराच्या टेबलावर बसून मला आता वीस वर्षं होऊन गेली. रात्री साडेनऊनंतर इंग्रजी बातम्यांचा लोंढा येतो आणि आवृत्ती सुटायच्या आत त्यांचं मराठी करायचं असतं. अशा घाईत काही शब्दांना हात आपोआप ठरलेला प्रतिशब्द देऊन मोकळा होतो. 'टर्नकोट' दिसला की 'गद्दार'. 'ट्रेटर' दिसला तरी 'गद्दार'. 'डिफेक्टर' आला तरी जागा पुरली नाही की पुन्हा 'गद्दार'.

१४ सप्टेंबर २०२२ ची रात्र होती. गोव्यात काँग्रेसच्या अकरा आमदारांपैकी आठ जण त्या दिवशी भाजपमध्ये गेले होते. टेबलावर नव्यानेच आलेल्या मुलीने मान वर न करता विचारलं, "दादा, टर्नकोट म्हणजे गद्दार, तर ट्रेटर म्हणजे कोण?" मी म्हटलं, "तेच गं." तिने तसं छापायला पाठवलं. घरी जाताना मांडवीच्या पुलावर तो प्रश्न परत आठवला आणि आपण तिला चुकीचं सांगितलं हे लख्ख कळलं. तिला नंतर जे समजावून सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर मांडतो.

'टर्नकोट' हा सरळ दोन शब्दांचा जोड आहे. टर्न म्हणजे फिरवणं, कोट म्हणजे अंगरखा. कोट फिरवणारा. इंग्रजीत तो सोळाव्या शतकाच्या मध्यापासून लिखाणात सापडतो. पण कोट फिरवण्यात एवढं वाईट काय, हे कळायला त्या काळचा कोट कसा होता ते पाहावं लागतं. मध्ययुगातला इंग्लिश सरदार आपल्या पदरच्या माणसांना कपडा देत असे. स्वयंपाक्यापासून सैनिकापर्यंत सगळ्यांच्या अंगावर त्याच्या घराण्याचा रंग आणि त्याचं चिन्ह. या कपड्याला लिव्हरी म्हणत आणि त्या शब्दाचा मूळ अर्थच 'दिलेलं' असा आहे. कोणाच्या अंगावर कोणता रंग, यावरून तो कोणाचा माणूस ते गावाला कळे. हे प्रकरण इतकं वाढलं, की कोणी कोणाला लिव्हरी द्यावी यावर बंधनं घालणारे कायदे इंग्लंडला १३९० मध्ये आणि पुन्हा १४६८ मध्ये करावे लागले. सरदारांच्या खाजगी फौजा राजाला डोईजड व्हायला लागल्या होत्या, आणि त्या फौजा ओळखू येत होत्या त्या कपड्यांवरून.

आता अशा माणसाने लढाईचा रंग पाहून कोट उलटा घातला तर? अस्तर बाहेर, रंग आणि चिन्ह आत. माणूस तोच, कापडही तेच, फक्त 'मी कोणाचा' याचं उत्तर झाकलं गेलं. टर्नकोट या शब्दामागचं चित्र हे एवढंच आहे.

या शब्दाची एक गोष्टही सांगतात. कुणा ड्यूकचं राज्य दोन बलाढ्य सत्तांच्या कचाट्यात होतं, म्हणून त्याने एका बाजूने निळा आणि दुसऱ्या बाजूने पांढरा असा कोट शिवून घेतला, वारा असेल तशी बाजू बाहेर. कोणी हा ड्यूक सॅक्सनीचा म्हणतं, कोणी सॅव्हॉयचा. एकच गोष्ट दोन दरबारांच्या नावावर फिरते तेव्हा मी सावध होतो. गोष्ट सुरेख आहे, पण शब्दाचा जन्म तिच्यावर टांगू नये.

गोव्यात राहणाऱ्याला हा शब्द परका वाटायचं कारण नाही. पोर्तुगीजमध्ये हुबेहूब तोच शब्द आहे: 'व्हिरा-कझाका'. व्हिरा म्हणजे फिरवतो तो, कझाका म्हणजे कोट. पक्ष बदलणाऱ्याला आणि फुटबॉलचा क्लब बदलणाऱ्या चाहत्यालाही तो लावतात. इटालियन माणूस 'व्होल्तागाब्बाना' म्हणतो, गाब्बाना हाही एक झगाच. फ्रेंच लोक जाकीट उलटवल्याचं बोलतात. युरोपभर निष्ठा अंगावर पांघरलेली दिसते आणि म्हणून ती उलटवता येते.

आणि आपल्याकडे? मराठीतही वस्त्राला हा मान होता. पेशवेपद मिळालं याला 'पेशवाईची वस्त्रं मिळाली' असंच म्हणत. ती साताऱ्याहून छत्रपतींकडून यायची. वस्त्र घेतलं म्हणजे चाकरी घेतली. पण निष्ठेबद्दल आपण घरात, रागात, मनापासून बोलतो तेव्हा वस्त्र आठवत नाही, मीठ आठवतं. खाल्ल्या मिठाला जागणं. नमकहराम. हडफड्याच्या नाहीतर आगरवाड्याच्या मिठागरातलं मीठ हातात घेऊन पाहा, ते एकदा अन्नात विरघळलं की परत वेगळं काढता येत नाही. रक्तात जातं. कोटाचं तसं नाही, कोट काढता येतो, उलटता येतो, खुंटीला अडकवता येतो. म्हणून 'नमकहराम' ही शिवी जितकी खोल जाते तितका टर्नकोट जात नाही. तिरस्कार दोन्हीत आहे, पण टर्नकोटमधला तिरस्कार वरवरच्या माणसाबद्दलचा आहे, ज्याची निष्ठा मुळातच कापडाइतकी पातळ होती त्याच्याबद्दलचा.

मग टर्नकोटला मराठीत काय म्हणावं? मी खूप दिवस शोधत होतो आणि शब्द शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकातच होता. पगडी फिरवणं. टोपी फिरवणं. चित्र तेच, फक्त खांद्यावरून डोक्यावर गेलेलं. 'आठ आमदारांनी पगडी फिरवली' असं मी त्या रात्री छापायला हवं होतं. त्यात टीका आहे, बोचणारी आहे, पण जे घडलं त्याहून जास्त काही त्यात भरलेलं नाही.

बातमीदाराला आणखी एक शब्द लागतो, तो कायद्याचा: 'डिफेक्शन'. याचं लॅटिन मूळ कमी पडणं, सोडून जाणं असं आहे. 'डिफेक्ट' म्हणजे दोष आणि 'डेफिसिट' म्हणजे तूट हे त्याचेच भाऊ. म्हणजे इंग्रजी शब्द जाणाऱ्याकडे बोट दाखवतो, तुझ्यात काही कमी पडलं म्हणतो. आपला 'पक्षांतर' हा शब्द मात्र स्थलांतर, भाषांतर, रूपांतर यांच्या रांगेत शांत उभा आहे. एका पक्षातून दुसऱ्यात गेला, बस्स. मी स्वतः भाषांतरावर पोट भरतो, त्यामुळे या शब्दाची तटस्थता मला आवडते. आयाराम-गयाराम हा आणखी एक खास भारतीय शब्द. १९६७ मध्ये हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, तेव्हापासून तो देशभर रूढ झाला. त्याच सुमारास केंद्राने पक्षांतरावर एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष होते गृहमंत्री यशवंतराव चव्हाण. प्रत्यक्ष कायदा यायला १९८५ उजाडलं. ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं.

या परिशिष्टाच्या इतिहासात गोव्याचं नाव ठळक आहे, आणि ते शब्दार्थामुळेच आहे. कायद्यात असं लिहिलंय की आमदाराने पक्षाचं सदस्यत्व 'स्वेच्छेने सोडलं' तर तो अपात्र. आता सोडलं म्हणजे काय? राजीनामा दिला तरच सोडलं का? १९९० च्या सुमारास गोव्यात सरकारं पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळत होती, त्यातून हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. रवी नाईक विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल १९९४ मध्ये लागला. न्यायालयाने म्हटलं की स्वेच्छेने सोडणं आणि राजीनामा देणं हे एकच नव्हे, पहिल्याचा अर्थ अधिक व्यापक आहे. कागदावर राजीनामा नसला तरी माणसाच्या वागण्यावरून त्याने पक्ष सोडला असा निष्कर्ष काढता येतो. देशात आजही पक्षांतराच्या खटल्यात हा निकाल काढून दाखवतात. चार शब्दांचा अर्थ काय, एवढाच प्रश्न होता, आणि त्याच्यावर आमदारक्या टिकल्या नि गेल्या.

कायद्याने एक दार मात्र उघडं ठेवलं. सुरुवातीला पक्षाचे एक तृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट' धरली जायची आणि कोणी अपात्र होत नसे. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ती सवलत काढली, पण दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं ठरवलं तर संरक्षण आहेच. आता गोव्यातले आकडे पाहा. मार्च २०१९, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या तीन आमदारांपैकी दोन गेले. जुलै २०१९, काँग्रेसच्या पंधरापैकी दहा. सप्टेंबर २०२२, अकरापैकी आठ. तिन्हीचे दोन तृतीयांश काढून पाहा: दोन, दहा आणि सात पूर्णांक एक तृतीयांश, म्हणजे किमान आठ. तिन्ही वेळा कायद्याला लागतात नेमके तेवढेच, एकही जास्त नाही. इंग्रजी वर्तमानपत्रांनी तिन्ही वेळा टर्नकोट लिहिलं. कायदा तो शब्द ओळखत नाही, तो डोकी मोजतो.

पण २०२२ मध्ये आणखी एक गोष्ट होती, आणि लोकांच्या मनात तीच जास्त लागली होती. त्या वर्षीच्या जानेवारीत, निवडणुकीआधी, काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसाजवळ, म्हणजे क्रूसाजवळ, आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली होती. शपथ मोडण्याला इंग्रजीत निराळा शब्द आहे, 'पर्फिडी'. लॅटिन फिदेस म्हणजे विश्वास, श्रद्धा, दिलेला शब्द. त्या शब्दाला ओलांडून जाणं ती पर्फिडी. हा शब्द आज युद्धाच्या कायद्यात भक्कम बसलेला आहे. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलच्या ३७ व्या कलमात पर्फिडीने शत्रूला मारणं, जखमी करणं किंवा पकडणं निषिद्ध ठरवलंय. पांढरं निशाण दाखवून जवळ बोलवायचं आणि गोळी घालायची, जखमी असल्याचं सोंग करायचं, हे पर्फिडी. मात्र झाडाझुडपांचा आडोसा, खोटी हालचाल, शत्रूची दिशाभूल हे चालतं. मराठी माणसाला हा भेद समजावायला फार वेळ लागत नाही. गनिमी कावा वेगळा आणि विश्वासघात वेगळा. काव्यात शत्रूने सावध असायचंच असतं, पण विश्वासघातात त्याने तुमच्या शब्दावर हत्यार खाली ठेवलेलं असतं.

आता त्या मुलीच्या खऱ्या प्रश्नाकडे. ट्रेटर म्हणजे कोण?

याच्या मुळाशी लॅटिनमधलं एक अगदी साधं क्रियापद आहे, 'त्रादेरे'. पलीकडे देणं. हातातलं दुसऱ्याच्या हातात देणं, सोपवणं. यात वाईट काहीच नाही. सोपवणारा तो 'त्रादितोर'. जुन्या फ्रेंचमधून फिरत हा शब्द तेराव्या शतकात इंग्रजीत आला आणि ट्रेटर झाला. त्याच क्रियापदापासून 'बिट्रे' आला, राजद्रोहाचा 'ट्रीझन' आला. परदेशात लपलेल्या आरोपीला ताब्यात देण्याचं 'एक्स्ट्रडिशन' आलं. आणि अगदी त्याच शब्दापासून 'ट्रॅडिशन' आला, म्हणजे परंपरा. परंपरा म्हणजे बापाने मुलाच्या हातात सोपवलेलं. ट्रीझन आणि ट्रॅडिशन तर एकाच लॅटिन नामाची दोन रूपं आहेत, एक लोकांच्या तोंडात झिजून झालेलं आणि दुसरं पंडितांनी पुस्तकातून जसंच्या तसं उचललेलं. पोर्तुगीज येणाऱ्या जुन्या गोंयकाराला हे 'त्राइसांव' आणि 'त्रादिसांव' शेजारी शेजारी ठेवले की लगेच ऐकू येईल.

मला हे पहिल्यांदा नीट समजावलं ते आमच्या शेजारच्या सरांनी. तरुणपणी काही वर्षं ते राशोलच्या सेमिनरीत होते, नंतर पाद्री न होता शिक्षक झाले. मी हा प्रश्न घेऊन गेलो तेव्हा त्यांनी कपाटातलं लॅटिन बायबल काढलं आणि करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातल्या तेविसाव्या ओवीवर बोट ठेवलं. संत पॉल तिथे सांगतो की जे मला प्रभूपासून मिळालं तेच मी तुम्हाला सोपवलं, की ज्या रात्री येशूला धरून दिलं गेलं त्या रात्री त्याने भाकर घेतली. 'सोपवलं' यासाठी लॅटिनमध्ये 'त्रादिदी', 'धरून दिलं गेलं' यासाठी 'त्रादेबातुर'. एकाच वाक्यात एकच क्रियापद दोनदा, एकदा गुरूने शिष्याला दिलेल्या ठेव्यासाठी आणि एकदा जुदासने केलेल्या कृत्यासाठी. सर म्हणाले, "मिसेला ही वाक्यं किती वेळा ऐकली असतील, पण दोन्हीकडे एकच शब्द आहे हे कोणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही." मी तर मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जाणारा नाही, पण ती ओवी मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवलीय.

देण्याची क्रिया दोन्हीकडे तीच आहे. फरक पडतो तो कोणाला दिलं आणि ज्याने विश्वासाने सोपवलं त्याला काय वाटलं यात.

शब्द वाईट कसा झाला याचा एक टप्पा इतिहासात दिसतो. इ. स. ३०३ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती धर्मग्रंथ जप्त करून जाळण्याचा हुकूम काढला. काही धर्मगुरूंनी जीव वाचवायला पोथ्या शिपायांच्या हाती दिल्या. छळ संपल्यावर उत्तर आफ्रिकेतल्या ख्रिस्ती लोकांत या 'त्रादितोरेस'वरून, म्हणजे पोथ्या सोपवणाऱ्यांवरून, उभी फूट पडली. त्यांच्या हातून झालेला संस्कार ग्राह्य धरायचा की नाही, यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडण चाललं. ज्याच्या हाती पोथी सांभाळायला दिली होती त्यानेच ती दिली, हे लोक विसरायला तयार नव्हते.

म्हणून ट्रेटर व्हायला आधी कोणीतरी तुमच्या हातात काहीतरी द्यावं लागतं. किल्लेदार फितूर होऊ शकतो, कारण किल्ल्याची किल्ली त्याच्या कमरेला असते. वेढा घालून बसलेला शत्रू फितूर होऊ शकत नाही. टर्नकोट आपला स्वतःचा कोट फिरवतो, ट्रेटर दुसऱ्याची किल्ली देतो. इंग्लंडच्या जुन्या कायद्याने तर हे फार स्पष्ट मांडलं होतं. १३५१ च्या तिसऱ्या एडवर्डच्या कायद्यात राजद्रोहाबरोबर 'छोटा द्रोह' असा एक गुन्हा होता. नोकराने धन्याला, बायकोने नवऱ्याला किंवा पाद्रीने आपल्या वरिष्ठाला मारलं तर तो साधा खून नव्हे, द्रोह. त्या काळच्या विषमतेचा हा नमुनाच आहे, कारण धन्याने नोकराला मारलं तर तो मात्र साधा खून राहायचा. १८२८ मध्ये तो गुन्हा रद्द झाला हे बरं झालं. पण शब्दाच्या गाभ्यात विश्वासाचं नातं किती घट्ट बसलंय ते यातून दिसतं.

मराठीकडे यासाठी शब्दांची कमी नाही, उलट जरा जास्तच आहेत आणि म्हणून आपण ते मिसळतो. दगा फारसीतून आला, गद्दार आणि फितूर अरबीतून, द्रोह आणि विश्वासघात संस्कृतातून. माझा अनुभव सांगतो. 'फितूर' आज खऱ्या अर्थाने जिवंत आहे तो कोर्टाच्या बातम्यांत, उलटलेल्या साक्षीदारासाठी: 'साक्षीदार फितूर झाला'. तो तिथेच चपखल बसतो. 'घरभेदी' हा ट्रेटरच्या सगळ्यात जवळचा शब्द आहे, कारण घराचा भेद घरातल्यालाच माहीत असतो. 'सूर्याजी पिसाळ' हे नाव आपण शब्दासारखं वापरतो, तसं इंग्रजीत 'क्विसलिंग' आहे. नॉर्वेचा व्हिडकुन क्विसलिंग १९४० मध्ये जर्मनांच्या बाजूने उभा राहिला आणि त्याच वर्षी त्याचं आडनाव इंग्रजी वर्तमानपत्रांत सामान्य नाम होऊन बसलं. ऑक्टोबर १९४५ मध्ये त्याला गोळ्या घालून मारलं, शब्द मात्र अजून आहे. 'गद्दार' या शब्दाचं मला वाईट वाटतं. सभेत, पोस्टरवर, मोबाइलवर तो इतका वापरला गेलाय की त्यातली किल्ली कुठेतरी पडून गेली, नुसता आवाज राहिला.

हे सगळं गोव्याच्या इतिहासावर लावून पाहिलं की शब्द किती जपून वापरावा लागतो ते कळतं. १५१० मध्ये अल्बुकर्कला गोव्यावर चालून यायचा सल्ला देणारा तिमय्या, पोर्तुगीजांचा तिमोजा. त्याला अनेक जण सहज गद्दार म्हणतात. पण त्याच्या हातात कोणी काय सोपवलं होतं? गोवा तेव्हा विजापूरच्या आदिलशहाकडे होता आणि तिमय्या होनावरकडचा, विजयनगरच्या बाजूचा. आदिलशहाची किल्ली त्याच्याकडे कधीच नव्हती. त्याने केलं ते फार महागात पडलं, पुढच्या साडेचारशे वर्षांचं दार त्याने उघडायला मदत केली, हे खरं. तरी ट्रेटर हा शब्द त्याला लावताना आपण आजचा देश त्याच्या खांद्यावर पांघरतो.

उलटही घडतं. १७८७ मध्ये गोव्यातल्या पाद्री आणि शिपायांनी पोर्तुगीज सत्ता उलथायचा कट केला, कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या नावाने तो ओळखला जातो. कट फुटला आणि पंधरा जणांना फाशी झाली. त्यावेळच्या सरकारी दप्तरात ते द्रोही होते, आज आपण त्यांना बंडखोर म्हणतो. १९४६ मध्ये चांदरच्या त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडलं. ज्या सत्तेने कधी विचारून विश्वास मागितला नाही, तिचा विश्वास मोडला असं कसं म्हणायचं?

इटालियनमध्ये भाषांतरकारांना टोचणारी एक म्हण आहे: 'त्रादुत्तोरे, त्रादितोरे'. भाषांतरकार म्हणजे द्रोही. दोन शब्दांत एकदोन अक्षरांचा काय तो फरक. क्रियापदं खरं तर वेगळी आहेत, एकात पलीकडे नेणं आहे आणि दुसऱ्यात पलीकडे देणं. पण म्हणीतला धाक खरा आहे. मूळ लेखकाने त्याचा शब्द माझ्या हातात सोपवलेला असतो. तो मी वाचकाला नीट दिला तर ती परंपरा, आणि टर्नकोटच्या जागी गद्दार ठेवला तर ते दुसरंच काही.

'बिट्रे' या क्रियापदाचा आणखी एक वापर राहिलाच, आणि तो इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना हमखास अडवतो. माणूस एक बोलतो आणि त्याचा चेहरा, आवाज, हात दुसरंच सांगतात, तेव्हा इंग्रजीत म्हणतात की आवाजाने त्याला बिट्रे केलं. इथे दगा कोणी दिलेला नाही. मनाने जे लपवायला सांगितलं ते अंगाने बाहेरच्याच्या हाती देऊन टाकलं, एवढंच. मूळचा 'सोपवणं' हा अर्थ इथे अजून शाबूत आहे. मराठीत आपण याला 'आवाजाने सांगितलं', 'चेहऱ्यावर दिसलं' असं साधं म्हणतो. याचं उदाहरण म्हणून मी त्या मुलीला आमच्या घरातलीच गोष्ट सांगितली.

१६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, केंद्रशासित वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. चौतीस हजारांचा फरक. आमचं घर कोकणी बोलणारं आणि मराठी वाचणारं, गोव्यातल्या कितीतरी घरांसारखं. माझे आजोबा दोन पानांकडे गेले, त्यांचे धाकटे भाऊ फुलाच्या प्रचारात गावोगाव फिरले. निकालानंतर धाकटे आजोबा अंगणात उभं राहून म्हणाले, "मराठी वाचून मोठा झालास आणि मराठीलाच विकलंस." आजोबांनी उत्तर दिलं नाही. दोघांपैकी कोणी कोणाची किल्ली कोणाला दिली होती? दोघांनी आपापलं मत दिलं, जे त्यांचं स्वतःचंच होतं. पण शब्द अंगणात पडला होता आणि तो उचलून घ्यायला कोणी पुढे झालं नाही.

त्या वर्षीच्या चवथीला धाकटे आजोबा आणि काकी मूळ घरात आले नाहीत. आत्या तेव्हा बारा वर्षांची होती. ती सांगते, सकाळपासून आजी नेवऱ्या तळत होती आणि कोणी विषय काढलाच तर म्हणायची, "येणारे येतात, न येणारे येत नाहीत. मला त्याचं काही नाही." आवाज अगदी नेहमीचा. दुपारी आरती झाली, पंगतीची वेळ झाली. आजीने ओटीवर केळीची पानं मांडली, पाणी शिंपडलं, मीठ वाढलं. घरात होती त्यांच्यापेक्षा दोन पानं जास्त होती. आत्याने ती मोजली होती.